सोलरवर चालणारा छोटा ड्रोन: सॉकेटशिवाय किती काळ काढता येईल?

रानवाट
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं इथे मांडते. मी जंगलात वणव्यावर लक्ष ठेवणाऱ्या एका गटाबरोबर काम करते. वणवा पहिल्या तासात कळला तर चार माणसं झोडपून विझवतात, तीन तासांनी कळला तर अख्खा डोंगर जातो. आमच्याकडे एक क्वाडकॉप्टर आहे, वजन साधारण दीड किलो, दहा इंची चार प्रॉपेलर, बॅटरी १०० वॅटअवरची, पण जिथे त्याची खरी गरज आहे तिथे वीज नाही, रस्ता नाही, बॅटऱ्या चार्ज करून वर पोचवायला एक माणूस रोज चालत जाणार हे काही टिकणारं नाही. म्हणून विचार असा की त्याच्याच पाठीवर सोलर पॅनल बसवायचं आणि उडता उडता चार्ज होऊ द्यायचं, निदान वेळ तरी दुप्पट व्हावा. कुणी केलंय का असं? कुठले सेल घ्यावेत, किती लागतील, वायरिंग कसं करायचं, सगळंच विचारायचंय. इलेक्ट्रॉनिक्स मला कामापुरतं येतं, विमानशास्त्र फारसं नाही.

ग्लायडरवेडा
ताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. आधी आकडे मांडू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

तुमचा दीड किलोचा ड्रोन जागच्या जागी तरंगायला आदर्श परिस्थितीत ८० वॅट मागतो, हे वजन आणि चार पंख्यांचं मिळून क्षेत्रफळ यावरून निघतं. पण मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), प्रॉपेलर सगळे आपापला वाटा खातात, त्यामुळे बॅटरीतून प्रत्यक्षात १६० च्या आसपास जातात. आता सोलर घ्या. छोट्या विमानांवर सगळे वापरतात ते सनपॉवरचे सी६० जातीचे सेल, १२५ मिमी चौकोनी, कोपरे कापलेले, बावीस टक्क्यांच्या वर कार्यक्षमता, एकेक साधारण ७ ग्रॅमचा आणि कडक उन्हात ३.४ वॅट देणारा. तुमच्या ड्रोनवर ओढूनताणून १६ बसतील, पाव चौरस मीटर झालं. कागदावर ५४ वॅट, प्रत्यक्षात भर दुपारी ४५ मिळाले तरी खूप. सेल, वरची फिल्म, वायर, चार्जर आणि हे सगळं धरून ठेवणारी चौकट मिळून २०० ग्रॅम तरी वाढणार.

आणि इथेच मेख आहे. तरंगायला लागणारी पॉवर वजनाच्या दीड घाताने वाढते. दीडचे १.७ किलो झाले की १६० चे १९३ वॅट होतात, म्हणजे ४५ मधले ३३ पॅनल स्वतःला उचलण्यातच घालवतं, तुमच्या हाती उरले १२, ते पण फक्त दुपारी. सकाळ-संध्याकाळ तर उलट तोटाच. १०० वॅटअवरवर आत्ता हिशोबाने ३७ मिनिटं होतात, पॅनल लावून ४० होतील. तेच २०० ग्रॅम चांगल्या लिथियम-आयन सेलचे घातले तर ५० वॅटअवर जास्त मिळतात आणि वेळ जातो ४६ मिनिटांवर. शिवाय पॅनल पंख्यांच्या वर आलं तर हवा अडते, ते नुकसान मी धरलेलंच नाही.

थोडक्यात उडत्या क्वाडवर पॅनल लावण्यापेक्षा बॅटरी वाढवलेली बरी.

नवशिका_पायलट
पण सोलर क्वाडकॉप्टर उडालेत की. सिंगापूरच्या विद्यापीठाने २०१८ मध्ये दाखवला होता, बॅटरीशिवाय नुसत्या उन्हावर उडाला होता असं वाचलेलं पक्कं आठवतंय.

ग्लायडरवेडा
बरोबर आठवतंय तुम्हाला. नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरचा. त्याच्यावर १४८ सेल होते, आकार साधारण ४ चौरस मीटर आणि वजन फक्त २.६ किलो. एवढी मोठी आणि एवढी हलकी वस्तू! दहा मीटरच्या वर गेला तो, आणि ते काम फार मोलाचं आहे, हे शक्य आहे हे त्यांनी सिद्ध केलं. पण तो आकार जंगलातल्या वाऱ्यात सोडायचा विचार करून बघा, पहिल्या झुळकीला उलटेल.

सर्किटकाका
वाचतोय. ग्लायडरवेडा यांचं गणित पटलं, फक्त एक पुरवणी. सेल अजून हलके झाले तर सगळं बदलेल असं बऱ्याच जणांना वाटतं. २०२४ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझच्या विद्यापीठाने पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचे अडीच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ सेल केले, एका ग्रॅमला ४४ वॅटपर्यंत, आणि तळहाताएवढ्या क्वाडवर लावून तो प्लग न लावता स्वतःहून चार्ज होतो हे दाखवलं. आपला सी६० ग्रॅमला अर्धा वॅट देतो, बघा किती फरक! पण त्यांची कार्यक्षमता वीस टक्क्यांच्या आसपासच आहे, म्हणजे जागा तेवढीच लागणार. रानवाट ताईंच्या ड्रोनवर पॅनलचं वजन शून्य धरलं तरी १६० मधून ४५ गेले, ११५ वॅट बॅटरीलाच द्यायचे आहेत. अडचण वजनाची आहे तशीच जागेची पण आहे, आणि ऊन चौरस मीटरला जास्तीत जास्त हजार वॅटच येतं, ते काही आपल्या हातात नाही.

निशिगंधा
वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे).

उलट्या टोकाची पण उदाहरणं आहेत, विषयाला धरून म्हणून सांगते. २०२४ मध्येच चीनच्या बेईहांग विद्यापीठाचा कूलॉम्बफ्लाय आला, ४.२१ ग्रॅमचा, वीस सेंटीमीटरचा पंखा, साध्या उन्हात उडत राहणारा. त्यांनी नेहमीची चुंबकाची मोटर सोडून स्थिरविद्युतवर चालणारी मोटर बनवली, कारण मोटर जितकी छोटी तितकी तिची कार्यक्षमता घसरते आणि सगळी पॉवर उष्णतेत जाते. त्याआधी २०१९ ला हार्वर्डच्या रोबोबीने २५९ मिलिग्रॅम वजनात सोलरवर उड्डाण केलं, पण त्याला उन्हाच्या तिप्पट प्रखर दिवा लागला आणि उडाला पण क्षणभरच. वाचायला खूप आनंद होतो, पण वणव्यावर नजर ठेवायला कॅमेरा, रेडिओ, जीपीएस उचलावं लागतं आणि ते ४ ग्रॅममध्ये बसत नाही.

रानवाट
सगळ्यांचे आभार, एवढं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं. ४० मिनिटं विरुद्ध ४६ मिनिटं वाचल्यावर डोक्यात प्रकाश पडला. पण मग मार्ग काय? विमानाच्या आकाराचा ड्रोन केला तर?

ग्लायडरवेडा
हो, तिकडेच येत होतो. पंख असलेल्या विमानाला तरंगायला पॉवर लागतच नाही म्हटलं तरी चालेल, फक्त हवेचा अडथळा भरून काढायचा. अडीच किलोचं विमान घ्या, पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वातीन मीटर, क्षेत्रफळ ०.७८ चौरस मीटर. सेकंदाला ८ मीटर वेगाने उडेल. नीट बनवलं तर लिफ्ट (वर उचलणारा जोर) आणि ड्रॅग (हवेचा अडथळा) यांचं प्रमाण २०-२२ येतं, म्हणजे अडीच किलो वजन हवेत ठेवायला फक्त शंभर-सव्वाशे ग्रॅमचा जोर पुढे लावायचा. त्याला ९ वॅट पुरतात, मोटर-प्रॉपेलरचं नुकसान धरून १५. तुमचा दीड किलोचा क्वाड १६० मागतो आणि त्याच्याहून जड विमान १५! ऑटोपायलट, जीपीएस, रेडिओचे अडीच वॅट घाला, साडेसतरा.

हे हवेतले मनोरे नाहीत, याच मापाचं विमान झालेलं आहे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात आंद्रे नोथ यांनी स्काय-सेलर बनवलं, ३.२ मीटर, अडीच किलो, २००८ च्या जूनमध्ये ते २७ तास सलग उडालं, पूर्ण रात्र काढून. त्याच्या आधी २००५ ला अमेरिकेत अ‍ॅलन कोकोनी यांचं सोलाँग ४८ तास उडालं होतं, त्यात गरम हवेच्या वर जाणाऱ्या झोतांचा पण उपयोग केला. मग २०१५ च्या जुलैमध्ये ईटीएचच्याच अटलांटिकसोलरने ८१ तासांच्या वर काढले, ५.६ मीटर पंख, साधारण ६.८ किलो. आणि मोठ्यांमध्ये झेफिर, २५ मीटरचं, २०२२ मध्ये ६४ दिवस वर होतं. सुरुवात १९७४ ची, कॅलिफोर्नियात सनराइज नावाचं मानवरहित सोलर विमान पहिल्यांदा उडलं तेव्हापासून. पन्नास वर्षांची परंपरा आहे या विषयाला, आणि प्रत्येकाने हेच केलंय की आधी भूक कमी करायची, मग ऊन मोजायचं.

बिनतारी
दिवसभराचा हिशोब पण टाका ना, रात्रीचं काय ते कळेल.

ग्लायडरवेडा
टाकतो. पंखावर ३२ सेल बसतात, अर्धा चौरस मीटर. निरभ्र उन्हाळी दिवशी सपाट जमिनीवर चौरस मीटरला ७ किलोवॅटअवरपर्यंत ऊन पडतं. बावीस टक्के धरा, त्यातून पंखाचा बाक, उष्णता, चार्जरचं नुकसान म्हणून अजून पंधरा टक्के कापा, ६४० वॅटअवर हातात येतात. खर्च चोवीस तासांचा ४२०. म्हणजे जमतंय असं दिसतं. पण रात्र दहा तासांची असली तरी पहाटे आणि सांजेला ऊन तिरपं असतं, ते १७ वॅट पण देत नाही, म्हणून बॅटरीवर बारा तास धरायचे. २१० वॅटअवर. थोडी शिल्लक ठेवायची तर १८६५० मापाचे गोल लिथियम-आयन सेल २० लागतात, ते झाले एक किलो. अडीच किलोच्या विमानात एक किलो नुसती बॅटरी! अटलांटिकसोलरमध्ये पण तेच प्रमाण आहे, ६.८ पैकी २.९ किलो. उरलेल्या दीड किलोत पंख, शेपूट, मोटर, सेल, वायर, ऑटोपायलट आणि तुमचा कॅमेरा बसवायचा. इथे प्रत्येक ग्रॅमला भांडावं लागतं, वजन दहा टक्के वाढलं की पॉवर पंधरा टक्के वाढते.

आणि हे निरभ्र दिवसाचं. एक ढगाळ दुपार आली की पहाटे चारला विमान झाडावर.

नवशिका_पायलट
दिवसा जास्तीच्या पॉवरवर उंच चढायचं आणि रात्री घसरत खाली यायचं, असं नाही का करता येत? बॅटरी वाचेल.

ग्लायडरवेडा
विचार चांगला आहे आणि मोठी विमानं करतातच. पण अडीच किलो १००० मीटर वर नेलं तर साठते फक्त ६.८ वॅटअवर ऊर्जा. तेवढी अठ्ठावीस ग्रॅम बॅटरीत मावते. शिवाय बऱ्याच देशांत छोट्या ड्रोनला १२० मीटरच्या वर परवानगीशिवाय जाताच येत नाही. बॅटरी भरल्यावर पण ऊन शिल्लक असेल तेव्हा फुकटात मिळतं म्हणून घ्यावं, त्याच्यावर डिझाइन उभं करू नये.

सर्किटकाका
आता वायरिंगचं, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि यावर कुणी फारसं लिहीत नाही.

एक सेल ०.५८ व्होल्ट देतो, करंट पावणेसहा-सहा अँपिअर. ३२ एका माळेत लावले की साडेअठरा व्होल्ट, ४एस (चार सेल एकामागे एक जोडलेली) बॅटरी १६.८ ला भरते, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा एमपीपीटी चार्जर (पॅनलमधून जास्तीत जास्त पॉवर काढणारा) लावला की झालं असं वाटतं. पण सेल तापला की व्होल्टेज पडतं, प्रत्येक सेलचं अंशाला १.८ मिलिव्होल्ट. जमिनीवर उन्हात काळा सेल सहज ६० अंशांवर जातो, तिथे माळ साडेसोळावर येते, आणि बॅटरी शेवटची भरतच नाही. उडताना वाऱ्याने थंड राहतो म्हणून टेस्टमध्ये कळतच नाही, बसलेल्या अवस्थेत कळतं.

त्यापेक्षा डावा पंख वेगळा आणि उजवा वेगळा करा. सोळा-सोळाच्या दोन माळा, प्रत्येकीला आपला स्वतंत्र एमपीपीटी, तो व्होल्टेज चढवून ४एस ला देणारा. याचा दुसरा फायदा मोठा आहे. पंख थोडे वर उचललेले असतात, त्यामुळे सूर्य एका बाजूला असला की एक पंख जास्त ऊन खातो, एक कमी. माळेत सगळ्यांना सगळ्यात कमकुवत सेलच्या चालीने चालावं लागतं, दोन्ही पंख एकाच माळेत असले तर चांगला पंख पण वाईटाएवढाच देतो. तसंच माळ पंखाच्या लांबीच्या दिशेने ओढायची, आडवी नाही, कारण पंखाची पुढची कड वाकलेली असते, त्या ओळीतल्या सगळ्या सेलना साधारण सारखाच कोन मिळतो. शेपटीची सावली जिथे पडेल तिथे सेल लावायचाच नाही, लावला तर बायपास डायोड द्या, म्हणजे करंट त्या सेलला वळसा घालून जाईल.

आणि बॅटरी शून्य अंशाखाली असताना चार्ज करू नका. लिथियमचा थर चढतो आतमध्ये आणि सेल कायमचा बिघडतो. पहाटे उन्हाची पहिली किरणं येतात तेव्हा बॅटरी सगळ्यात गार असते हे लक्षात ठेवा, डोंगरावर तर नक्कीच.

निशिगंधा
सर्किटकाका, सोल्डरिंगवर पण लिहा ना प्लीज. माझे सेल नेहमी तिथेच जातात.

सर्किटकाका
हे सेल १६०-१७० मायक्रॉन जाडीचे, म्हणजे दोन कागदांएवढे. दोन्ही टोकं मागच्या बाजूलाच असतात, त्यामुळे वरची बाजू पूर्ण काळी, एकही रेघ नाही, दिसायला फार सुंदर. सेल उपडा ठेवायचा तो काचेवर नाही, जाड फेल्टवर किंवा सिलिकॉनच्या मऊ चटईवर. पॅडला फ्लक्स लावायचं, जोडपट्टीला आधीच पातळ कल्हई करून ठेवायची, सोल्डरिंग आयर्न ३३० अंशांच्या आसपास, टोक रुंद, आणि दोन सेकंदांत काम संपवून उचलायचं. दाबायचं नाही. दाबलं की बारीक टिक असा आवाज येतो, कधी कधी येत पण नाही, आणि तडा आतल्या आत राहतो. प्रत्येक जोडानंतर सेल दिव्याखाली तिरका धरून फिरवायचा, तडा असेल तर प्रकाशाची रेघ तुटलेली दिसते. मग एकाच दिव्याखाली एकाच अंतरावर प्रत्येकाचा शॉर्ट सर्किट करंट मोजायचा आणि साधारण सारखे असतील तेच एका माळेत घ्यायचे. मी एकदा मागवलेल्या खोक्यात बरेच सेल कोपऱ्याला तडकलेले निघाले होते, वरून काही दिसत नव्हतं, करंट मोजला तेव्हाच कळलं. म्हणून पंखावर चिकटवायच्या आधी मोजा, नंतर काढता येत नाही.

जोडपट्टीला दोन सेलच्या मध्ये छोटी कमान ठेवा. पंख उडताना वर वाकतो, सरळ ताणलेली पट्टी असेल तर तोच ताण पॅडवर येतो.

ग्लायडरवेडा
हे सोन्यासारखं लिहिलंय काका. त्यात पंखाच्या बाजूने एवढंच घालतो की सेल नुसते वर चिकटवले तर पंखाचा आकार बिघडतो. एवढ्या छोट्या, हळू विमानात हवा फार नाजूक वागते, रेनॉल्ड्स आकडा (वेग आणि आकारावरून हवा कशी वाहील ते सांगणारा) सव्वा लाखाच्या आसपास असतो, तिथे अर्धा मिलिमीटरची पायरी पण हवेचा प्रवाह लवकर सोडवते. पंखाच्या वरच्या पृष्ठभागात सेलच्या जाडीएवढी खाच ठेवा आणि वरून पातळ फिल्म एकसंध ओढा. एसडी७०३७ सारखा एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) घ्या, वरून फार बाक नाही, सेल न मोडता बसतो. आणि प्रॉपेलर मोठा आणि संथ घ्या, छोटा गरगर फिरणारा नको. इथे लोक मोटर आहे त्यातलीच लावतात आणि पॅनलमध्ये कमावलेलं सगळं तिथे घालवतात.

बिनतारी
मला एक मूलभूत प्रश्न पडलाय. रानवाट ताईंना रात्री उडायचंच आहे का?

वणवा रात्री पण लागतो हे मान्य, पण त्यांनी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय की अडचण वीज आणि माणसाची आहे. म्हणजे त्यांना सॉकेटपासून सुटका हवीय, सलग उड्डाणाचा विक्रम नकोय. मग दिवसा उडा, उरलेला वेळ बसून चार्ज व्हा. रात्र उडून काढायची म्हणून जी एक किलो बॅटरी घेतोय ती पाव किलोवर येईल, विमान हलकं होईल, हलकं झालं की पॉवर कमी, पॉवर कमी की सेल कमी, सगळी साखळीच उलटी फिरते.

ग्लायडरवेडा
मीही त्याच मताचा आहे, आणि खरं तर आत्तापर्यंतच्या सगळ्या चर्चेतलं हे सगळ्यात महत्त्वाचं. सलग रात्र काढणं हे विमानाच्या निम्म्या वजनाची किंमत मागतं. छोट्या ड्रोनला स्वावलंबी करायचं असेल तर त्याला बसायला शिकवा.

रानवाट
हे वाचून खूप हलकं वाटलं. नाही, रात्री उडायची गरज नाही. रात्री आग लांबून पण दिसते, गावातले लोक कळवतात. अडचण दुपारी बारा ते पाचची, धूर आणि धुकट हवा सारखीच दिसते. त्या वेळात दर तासाला एक फेरी झाली तरी पुरे.

पण मग बसवायचं कुठे? विमानाला धावपट्टी लागेल. आमच्याकडे झाडांमध्ये मोकळी जागा म्हणजे फार तर एका घराएवढी.

बिनतारी
व्हीटीओएल. विमानाच्या पंखांना चार उभे पंखे, सरळ वर चढायचं, मग आडवं उडायचं, उतरताना पुन्हा सरळ खाली. अर्डूपायलट या ऑटोपायलट सॉफ्टवेअरमध्ये क्वाडप्लेन म्हणून तयार आहे, वेगळं काही लिहावं लागत नाही. आणि त्यातच सोअरिंगचं फीचर पण आहे, गरम हवेचा झोत सापडला की मोटर बंद करून त्यात गोल फिरत वर चढतो. दुपारी बारा ते पाच म्हणजे नेमके तेच तास जेव्हा झोत जोरात असतात.

ग्लायडरवेडा
खर्च मांडून बघू. बॅटरी कमी केली, उभे पंखे वाढले, वजन तीन किलो धरा. तरंगताना ४५० वॅट खाईल, पण चढणं-उतरणं मिळून दोन मिनिटं, म्हणजे १५ वॅटअवर. आडवं उडताना पंख्यांचा अडथळा धरून २५ आणि इलेक्ट्रॉनिक्सचे अडीच, पाऊण तासाच्या फेरीला साधारण २० वॅटअवर. एक फेरी ३५ वॅटअवर. दुपारच्या पाच फेऱ्या १७५. तेच ३२ सेल असतील तर दिवसाला ६०० च्या आसपास येतात, ढगाळ दिवशी तिसरा हिस्सा आला तरी २००. म्हणजे पावसाळा सोडला तर जवळजवळ रोज पाच फेऱ्या होतात, आणि उन्हाळ्यात तर सेल निम्मे केले तरी चालेल.

आणि एक इशारा. उभ्या पंख्यांना ४५० वॅट द्यायचे तर बॅटरीने तेवढा करंट सोडला पाहिजे. जास्त क्षमतेचे १८६५० सेल हळू रिकामे व्हायला चांगले, छोट्या पॅकमधून एकदम ओढलं की व्होल्टेज कोसळतं. इथे क्षमता थोडी कमी पण दमदार करंट देणारे सेल घ्या.

सर्किटकाका
बसलेल्या अवस्थेतला खर्च विसरू नका!! ऑटोपायलट, रेडिओ, कॅमेरा, सगळं चालू ठेवून बसलं तर ३ वॅट सहज जातात, चोवीस तासांचे ७२ वॅटअवर, म्हणजे दोन फेऱ्या नुसत्या बसण्यात गेल्या. एक छोटा मायक्रोकंट्रोलर आणि घड्याळ फक्त जागं ठेवा, तो काही मिलिवॅटवर राहतो, बाकी सगळ्याची वाट एका मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) तोडा. ठरलेल्या वेळी त्याने बॅटरीचं व्होल्टेज आणि तापमान बघायचं, पुरेसं असेल तरच बाकीच्यांना उठवायचं. ऑटोपायलटला उठल्यावर जीपीएस पकडायला वेळ लागतो तेवढा द्या. आणि व्होल्टेज कमी असेल तर फेरी रद्द करून नुसता रेडिओवर संदेश टाकून परत झोपायचं, हा नियम त्या छोट्या कंट्रोलरमध्येच हवा, ऑटोपायलटवर सोडू नका.

निशिगंधा
एक शंका, कदाचित बावळट वाटेल पण विचारते. एवढं सगळं करण्यापेक्षा डोंगरावर एक खांब, त्यावर कॅमेरा आणि पॅनल, हे सोपं नाही का?

रानवाट
बावळट अजिबात नाही, आम्ही खांब लावलेत आणि ते चालतात. पण खांबाला समोरच्या उताराच्या मागची दरी दिसत नाही, आणि वणवा नेमका दरीतून वर चढतो. धूर धारेवर येईपर्यंत उशीर झालेला असतो. प्रत्येक दरीला खांब लावणं शक्य नाही. खांबाने संशय घ्यावा आणि ड्रोनने जाऊन बघावं, असं दोन्ही मिळून झालं तर पाच ठरलेल्या फेऱ्यांची पण गरज नाही, बोलावलं की जाईल.

बिनतारी
मग तर अजूनच छान, खांबालाच मोठं पॅनल आणि मोठी बॅटरी देता येते, आणि रेडिओचा अँटेना पण उंचावर मिळतो.

ग्लायडरवेडा
आता मला खरी काळजी वाटते ती वाऱ्याची. उडताना ८ मीटर वेग आहे, धारेवर वारा १० चा असला तर विमान मागे जाईल, तेव्हा वारा मोजून मगच उडायचा नियम हवा, खांबावर वाऱ्याचा मापक लावाच. त्याहून वाईट म्हणजे बसलेलं असताना. तीन मीटरचा हलका पंख मोकळ्या जागेत ठेवला की तो उडण्यासाठीच बनवलेला असतो, रात्रीच्या एका झोतात उलटा पडेल आणि सेल फुटतील. बसताना नाक खाली झुकेल असे पाय करा, पुढचे आखूड, मागचे लांब, म्हणजे वारा समोरून आला तर पंख वर उचलण्याऐवजी खाली दाबला जाईल. पण वारा मागून फिरला तर तेच उलट होतं, त्याला हे उत्तर नाही.

सर्किटकाका
जमिनीवर लोखंडी जाळी अंथरून पायांना चुंबक? उडताना पंख्यांचा जोर त्यावर मात करेल एवढाच धरणारा.

ग्लायडरवेडा
तीन किलोच्या विमानाला उभ्या पंख्यांचा जोर जास्तीत जास्त पाच-सहा किलो मिळतो, म्हणजे चुंबकाची पकड दोनाच्या आत हवी. वाऱ्याला तेवढं पुरेल असं वाटत नाही. सर्व्होने (ठरलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरने) उघडणारी आकडी बरी, जाळीत अडकते आणि निघायच्या आधी सोडते. दहा-पंधरा ग्रॅमचं काम आहे. पण सर्व्हो अडकला आणि पंखे सुरू झाले तर विमान जागेवरच आपटेल, म्हणून आकडी सुटली की नाही ते सांगणारा छोटा स्विच लावा आणि तो हो म्हणेपर्यंत पंखे सुरूच होऊ देऊ नका.

नवशिका_पायलट
शिकारी पक्ष्यांचं काय? गरुड वगैरे ड्रोनवर झडप घालतात हे खरं आहे ना?

रानवाट
खरं आहे, विशेषतः घरट्यांच्या दिवसांत. आम्हाला घरटी कुठे आहेत ते माहीत असतं, मार्ग तिथून लांब ठेवू आणि त्या काळात धारेच्या त्या बाजूला जायचंच नाही. त्यांची जागा आहे ती.

ठरवलंय की क्वाडला हात लावायचा नाही, तो हाताने उडवायला राहू दे. पहिल्यांदा पॅनलशिवाय व्हीटीओएल विमान बनवून एका फेरीला खरोखर किती वॅटअवर जातात ते मोजते. ३५ च्या जागी ६० आले तर सेल किती लावायचे हा प्रश्नच बदलतो. मग आकडी, मग झोपण्याचं सर्किट, आणि सेल सगळ्यात शेवटी. काका, करंट मोजायला कुठला सेन्सर घेऊ? उडताना ३० अँपिअर आणि झोपेत काही मिलिअँपिअर, दोन्ही एकातच दिसतील का?

सर्किटकाका
एकात नाही दिसणार, दिसले तरी झोपेतल्या आकड्यावर विश्वास ठेवता येणार नाही. मुख्य वायरवर मोठ्या करंटचा सेन्सर लावा, ऑटोपायलटच्या पॉवर मॉड्यूलमध्ये असतो तो चालेल. झोपेच्या सर्किटला जाणाऱ्या वेगळ्या वायरवर आयएनए२१९ ही करंट मोजणारी चिप लावा, तिचा शंट (ज्यावरून करंट मोजतात तो रेझिस्टर) जरा मोठ्या रोधाचा घ्या. आणि दोन्हीची नोंद एकाच घड्याळावर ठेवा, नाहीतर नंतर जुळवताना फार त्रास होतो. सर्किट काढून इथे टाका, बघून सांगतो.